इंग्रजी बोलण्याचं ॲप, मनाचे विषय आणि ती घंटी: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात खात्यातून २,९९९ रुपये गेले. यूपीआय ऑटोपे, वार्षिक नूतनीकरण. पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती आलीही. ती बघून मी लगेच ॲपच्या सपोर्टला लिहिलं, की मला पुढचं वर्ष नकोय. उत्तर आलं, ‘आमच्याकडून रद्द होईल, तुम्ही काही करण्याची गरज नाही.’ दुसऱ्या दिवशी पैसे गेले. वर अभिनंदनाचा ईमेल, फुग्यांच्या चित्रासकट.

तेव्हा आता सविस्तरच लिहितो. ॲप काय आहे ते सांगत बसत नाही. रोज एक विषय, एक माहितीचं कार्ड, अनोळखी जोडीदार, दोन-दोन मिनिटं बोलणं, शेवटी उच्चाराचे गुण. नावही घेत नाही, कारण तक्रार ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) दिली आहे आणि तिचा निकाल लागायचाय. ज्यांनी घेतलंय त्यांना घंटीवरूनच कळेल.

हो, घंटी. दोन मिनिटं झाली की ती वाजते. आवाज थेट दाराच्या बेलचा, आमच्याच बेलचा म्हणा ना. सुरुवातीला आई रोज रात्री साडेनऊला उठून दार उघडायला जायची. आवाज कमी केला तर जोडीदारही पुटपुटल्यासारखा ऐकू येतो, कारण दोन्ही आवाज एकाच पट्टीवर बांधलेत. हेडफोन लावले तर ती कानाच्या पडद्यावरच वाजते. बंद करायची सोय नाही. सेटिंगमध्ये पार्श्वभूमीचे अकरा रंग आहेत, जोडीदाराला पाठवायला टाळ्या, फुलं, हृदयं आहेत. घंटी बंद करायचं बटण तेवढं नाही.

आणि विषय कसले, तर भावनांचे! एकदा ‘काळजी’ हा विषय होता. जोडीदार भिलाईचा, माझ्याच वयाचा असावा. वडिलांच्या बायपासबद्दल सांगत होता. रात्रभर बाहेरच्या बाकावर बसलेले, पहाटे दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, ‘अँड ही सेड,’ आणि ट्रिंग. पडद्यावर ‘वेल डन! आता जोडीदाराची पाळी.’ त्याचा माइक बंद, माझा चालू. आता मी काय बोलू? मी चॅटमध्ये विचारायला गेलो तर माझी दोन मिनिटं मोजली जात होती आणि खाली लाल अक्षरांत ‘तुम्ही गप्प आहात’. पुन्हा तो जोडीदार कधी लागला नाही.

मी सपोर्टला लिहिलं की निदान आजारपण, मृत्यू, भांडण असल्या विषयांना तरी घंटी नको. उत्तर: ‘हे आयईएलटीएसचं स्वरूप आहे.’ आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला-राहायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिच्याबद्दल मला थोडं माहीत आहे, भाचीने दिली होती. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. तिच्या दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. हे खरं. पण थांबवतो तो समोर बसलेला परीक्षक, तोंडाने. घंटी नाही वाजवत कोणी. शिवाय थांबवल्यावर तो त्याच विषयावर एखादा प्रश्न विचारतो आणि तिसऱ्या भागात त्याच धाग्यावर आणखी चार-पाच मिनिटं गप्पा होतात. इथे धागाच कापून टाकतात. हे सगळं मी त्यांना लिहिलं. ‘कृपया ॲप काढून पुन्हा इन्स्टॉल करा’ असं उत्तर आलं.

आता विषयांकडे. जाहिरातीत ‘रोजचं मानसशास्त्र आणि भावनिक स्वास्थ्य’ असं वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, आता डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावणार. मला हवं होतं कामाचं इंग्रजी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. कस्टमर चेन्नईचा, त्यामुळे फोनवर हिंदीने भागत नाही. पार्ट रिजेक्ट का झाला, ८डी (चूक का झाली आणि काय सुधारलं याचा अहवाल) कधी देताय, सगळं इंग्रजीत. तिथे ‘राग आला की तुम्हाला शरीरात कुठे जाणवतो’ या प्रश्नाचा काय उपयोग?

पहिले काही आठवडे हेच मत होतं. मग एक दिवस विषय आला, ‘तुम्हाला नाही म्हणता येतं का?’ आणि मी सुटलोच. विमानतळ, हॉटेल, छंद असल्या नेहमीच्या विषयांत माझं इंग्रजी चार वाक्यांत संपतं, कारण सांगण्यासारखंच तेवढं असतं. विमानात बसायची वेळ क्वचित. छंद विचारलात तर झोप. पण ‘नाही’ न म्हणता येण्याबद्दल माझ्याकडे लग्नापासूनचा साठा आहे. मेव्हणा ॲक्टिवा नेतो, टाकी रिकामी करून आणतो, आणि मी ‘असू दे, असू दे’ म्हणतो. हे सगळं एका अनोळखी बाईला, काळ चुकवत, क्रियापदं गाळत सांगून टाकलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, ‘ही टेक’ नाही, ‘ही टेक्स’. आणि गेल्या रविवारी त्याने पेट्रोल भरलं होतं.” बायकोचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, ही या ॲपची माहीत नसलेली बाजू.

तिथून मत बदललं. सांगायला काहीतरी असलं की माणूस शब्द शोधतो, आणि शोधलेला शब्द डोक्यात राहतो. शिवाय परक्या भाषेत असलं बोलणं सोपंही जातं. अनेता पावलेन्को, जाँ-मार्क दवाल अशा अभ्यासकांनी अनेक भाषा बोलणाऱ्यांवर बरंच काम केलंय. दवाल यांना असं दिसलं, की शिव्यांचा, वर्ज्य शब्दांचा जोर बहुतेकांना पहिल्या भाषेतच जास्त जाणवतो. ज्याला आईवरून मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन्ही शिव्या खाव्या लागल्यात त्याला अभ्यासाची गरज नाही, पण उलट बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. ‘मला एकटं वाटतं’ हे मी मराठीत कोणाला म्हणणार? तोंडच उघडणार नाही. ‘आय फील लोनली समटाइम्स’ मात्र मी बिलासपूरच्या एका बँकेतल्या माणसाला सहज बोलून गेलो आणि तोही ‘सेम, सेम’ म्हणाला.

कामावरही फरक पडला, तो कुठल्या बिझनेस इंग्लिशने नाही. कस्टमरने अशक्य तारीख मागितली की मी ‘ओके सर’ म्हणून फोन ठेवायचो आणि मग शॉपवर, म्हणजे कारखान्यात, सगळ्यांवर ओरडायचो. आता ‘आय अ‍ॅम नॉट कम्फर्टेबल विथ धिस डेट, गिव्ह मी टिल थर्सडे’ एवढं म्हणता येतं. हे वाक्य ‘सीमा आखणे’ या विषयातलं आहे. गंमत म्हणजे समोरचा लगेच ‘फाइन’ म्हणतो. इतकी वर्षं विनाकारण ओरडा खाल्लाय शॉपवाल्यांनी.

विषयांना त्यामुळे पैकीच्या पैकी. पण माहितीची कार्डं! ती कोणी लिहिली देव जाणे. एका कार्डावर म्हटलंय, संभाषणात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले, आणि ते एवढ्यापुरतेच आहेत, की माणूस आपल्या भावना सांगतोय आणि त्याचे शब्द, सूर, चेहरा एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो. सगळ्या संभाषणाला ते लागू नाहीत, हे मेहराबियननी स्वतःच सांगितलंय. आणि समजा खरे धरले, तर शब्द ७ टक्केच असताना शब्दांचे २,९९९ कसे घेता? हिशोबाने २१० रुपये होतात.

दुसरं कार्ड, ‘२१ दिवसांत सवय लागते’. त्याखाली ‘म्हणून आमचं २१ दिवसांचं चॅलेंज घ्या’, वेगळे पैसे. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचा. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला साधारण २१ दिवस तरी लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं. त्यातला ‘तरी’ पुढे गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेले. मला स्वतःला रोज बोलायची सवय लागायला पावसाळा उलटला.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचं (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) कार्ड तर मी जोडीदारासमोर वाचलंच नाही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. ॲपमध्ये खाली प्रश्न आहे, ‘तुम्ही सध्या कितव्या पायरीवर आहात?’ समोर नवरा गेलेली बाई असली तर? आणि वर दोन मिनिटांनी ट्रिंग.

पण घंटीबद्दल इथे एक दुरुस्ती, कारण खोटं कशाला लिहा. याच कार्डांत एक मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांचं आहे. १९२७ मध्ये बर्लिनमधल्या त्यांच्या प्रयोगांत लोकांना मध्येच तोडलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली. पुढे इतरांनी करून बघितलं तेव्हा तो परिणाम दर वेळी दिसला नाही, हे कार्ड अर्थातच सांगत नाही. पण माझ्यापुरतं सांगतो, घंटीने तोडलेलं वाक्य रात्रभर डोक्यात फिरतं आणि सकाळी दाढी करताना पुरं होतं, तेही बरोबर काळात. दुसरं म्हणजे घंटी येणार हे माहीत असल्याने ‘आय वुड लाइक टू से दॅट’ वगैरे नमनाला घडाभर तेल जाणं थांबलं. कस्टमरच्या फोनवर मी आता आधी मुद्दा सांगतो, मग कारण. हे घंटीचं श्रेय, द्यायलाच हवं. म्हणून आधी ज्याला शून्य देणार होतो त्याला दोन देतो. बंद करायचं बटण दिलंत तर चार.

कारण सगळेच माझ्यासारखे निगरगट्ट नसतात. परक्या भाषेत बोलताना वाटणारी भीती हा अभ्यासाचा वेगळा विषय आहे. एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्यासाठी ३३ विधानांची मोजपट्टी केली, आणि आपली परीक्षा होतेय, सगळे आपल्याला जोखताहेत, या भावनेला त्यात मोठी जागा आहे. एका दिवशी ॲपचा विषयच होता ‘बोलताना घाबरता का?’ जोडीदार केरळची नर्सिंगची मुलगी. म्हणाली, ‘आय वॉज नॉट स्केअर्ड. द बेल मेक मी स्केअर्ड.’ उच्चाराचे तिला ६१ गुण मिळाले, तेही तिने मला विचारून घेतले, बरे आहेत का म्हणून. असल्या बोलण्याला उच्चाराचे गुण द्यायचेच कशाला?

दोन गंभीर गोष्टी. एक, रेकॉर्डिंग. झोप, दारू, नवराबायकोचं भांडण, लोक काय काय बोलतात, आणि ते सगळं ‘उच्चार सुधारण्यासाठी’ साठवलं जातं. पुसायचं बटण नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क धरला आहे. मी त्याचा उल्लेख करून ईमेल केला. उत्तर काय आलं असेल? इन्स्टॉल. त्यामुळे माणसांची नावं, गाव, कंपनी तिथे बोलू नका. मी मेव्हण्याला आता ‘वन पर्सन’ म्हणतो.

दोन, ‘कठीण दिवस’ या कार्डाखाली मदतीसाठी ९८८ नंबर दिलाय. तो अमेरिकेतला. नाशिकमधून लावून काय होणार? आपल्याकडे टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. हा बदल करायला एक माणूस आणि पाच मिनिटं लागतील. मी कळवलंय. कार्ड काल रात्रीपर्यंत तसंच होतं.

घ्यावं का? परीक्षेची तारीख जवळ आली असेल आणि घरात इंग्रजी बोलायला कोणी नसेल तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नको. ऑटोपे घेतल्या दिवशीच यूपीआय ॲपमधल्या मँडेटच्या (आपोआप पैसे कापायच्या परवानग्यांच्या) यादीत जाऊन स्वतः रद्द करा, तसं करूनही भरलेली मुदत चालू राहते. ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम फुकट आहे, त्यात मनाचे विषय बऱ्याचदा असतात आणि निवेदक दर वेळी शब्दही समजावून सांगतात.

बोलण्यासाठी मी वेगळी सोय केली. ॲपमधले विषय एका वहीत उतरवून घेतलेत, ते कोणाच्या बापाचे नाहीत. आमच्या स्टोअर्सचा एक मुलगा कॅनडाला जायची तयारी करतोय. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर आम्ही बसतो, पाथर्डी फाट्यापर्यंत त्याचा विषय, पुढे नाशिकरोडपर्यंत माझा. द्वारकेच्या सिग्नलला गाडी अडकली की दोघांनाही बोनस. ड्रायव्हरकाका तेवढे मधूनमधून विचारतात, “काय रे, भांडण झालं का?”

रिफंडसाठी सात कामकाजाचे दिवस सांगितलेत.