एमएसच्या निदानासाठी कॉन्ट्रास्ट एमआरआय : पुण्यातील एका स्कॅन सेंटरची सेवा

धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिन हे आवरण झडण्याचा आजार) असावा, अशी शंका न्यूरोलॉजिस्टनी व्यक्त केल्यावर मेंदू आणि मज्जारज्जूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय आम्ही पुण्यातील एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये करून घेतला. तपासणी उत्तम झाली. रिपोर्टबाबत मात्र पाठपुरावा करावा लागला.

साध्या एमआरआयमध्ये टी-२ आणि फ्लेअर या प्रकारच्या प्रतिमांवर आजाराचे जुने आणि नवे चट्टे सारखेच पांढरे दिसतात. शिरेतून दिलेले गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध मात्र रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर जिथे सुजेमुळे फुटलेला असतो तिथेच झिरपते, त्यामुळे टी-१ या प्रकारच्या प्रतिमेत फक्त ताजे चट्टे उजळतात आणि साधारण काही आठवडेच तसे राहतात. उजळणारे आणि न उजळणारे चट्टे एकाच तपासणीत सापडले, तर आजाराने वेगवेगळ्या वेळी घाव घातल्याचा तो पुरावा एमएसच्या निदानासाठीच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांनुसार ग्राह्य धरला जातो, आणि इतर अटी पूर्ण होत असतील तर दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता निदान करता येते.

म्हणूनच इंजेक्शननंतर किमान पाच मिनिटे थांबणे महत्त्वाचे असते, कारण घाई केली तर फिकट उजळणारे चट्टे निसटू शकतात. येथील टेक्निशियनने त्या वेळात फ्लेअर प्रतिमा घेतल्या आणि मगच टी-१ घेतले. त्याआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट मागितला, वजन करून डोस ठरवला आणि औषध गॅडोब्युट्रॉल, म्हणजे अधिक स्थिर मानल्या जाणाऱ्या मॅक्रोसायक्लिक गटातले आहे, हेही न विचारता सांगितले.

स्टिरॉइड सुरू झाले आहे का, हे अपॉइंटमेंट देताना कोणीही विचारले नाही, हे मला गंभीर वाटते. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने सूज उतरून ताजा चट्टाही उजळेनासा होऊ शकतो. न्यूरोलॉजिस्टनी आधी स्कॅन, मग स्टिरॉइडचे सलाइन असे बजावले होते, म्हणून आमचे निभावले.

पहिल्या रिपोर्टमध्ये ‘अनेक चट्टे, त्यांपैकी काही कॉन्ट्रास्ट घेणारे’ एवढेच होते. मेंदूतील पोकळ्यांलगतचा भाग, बाह्यक (मेंदूचा बाहेरचा थर) व त्यालगतचा भाग, मेंदूस्तंभ व लहान मेंदू, आणि मज्जारज्जू या चार ठिकाणांपैकी किमान दोन ठिकाणी चट्टे आहेत का, हे २०१७ च्या निकषांसाठी पाहावे लागते. मग जागा आणि संख्या न लिहिलेल्या रिपोर्टवरून डॉक्टरांनी काय ठरवायचे? आम्ही आग्रह धरल्यावर रेडिओलॉजिस्टनी सविस्तर रिपोर्ट दिला आणि मॉनिटरवर समजावूनही सांगितले. डाव्या पोकळीजवळच्या एका चट्ट्याची उजळ कड घोड्याच्या नालेसारखी एका बाजूने उघडी होती. अशी अपुरी कड गाठ किंवा गळवापेक्षा मायलिन झडण्याकडे अधिक बोट दाखवते, हे त्यांनी सावकाश, बहिणीला कळेल अशा शब्दांत सांगितले.

पहिल्या निदानासाठी हे सेंटर मी निश्चित सुचवेन. पुढच्या प्रत्येक तपासणीसाठी कॉन्ट्रास्टसह पॅकेज घेण्याचा काउंटरवरचा आग्रह मात्र मान्य करू नये. गॅडोलिनियमचे सूक्ष्म अंश मेंदूत साठू शकतात. त्याने अपाय होतो असे सिद्ध झालेले नसले, तरी जुन्या स्कॅनशी तुलना करून नवे चट्टे बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टविनाही ओळखता येतात. म्हणून कॉन्ट्रास्ट हवा की नको, हे न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि आधीच्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी.