मोबाइल, स्टुडिओ की फूड ब्लॉगर: उपाहारगृहाचा जाहिरातपट कोणाकडून करून घ्यावा?

कोल्हापुरी मटण थाळी देणारे, घरच्याच माणसांनी चालवलेले मध्यम आकाराचे उपाहारगृह डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. जाहिरातपट करायचा ठरवला की अशा मालकापुढे तीन वाटा असतात: स्वतःच्या मोबाइलवर चित्रीकरण करणे, गावातल्या स्टुडिओला काम देणे किंवा खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्या एखाद्या फूड ब्लॉगरला बोलावणे. निवड बहुधा खर्चावरून केली जाते. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पदार्थ सर्वांत देखणा दिसतो त्या दोन-चार मिनिटांत कॅमेरा घेऊन चुलीपाशी कोण उभे असणार आहे? तांबडा रस्सा निवू लागला की त्यावरचा तवंग गोठतो, पांढऱ्या रश्श्यावर साय धरते, टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा खाली बसतो, आणि त्यानंतर कितीही महागडा कॅमेरा आणला तरी शिळेपणा लपत नाही.

या कसोटीवर मोबाइल इतर दोन्ही पर्यायांपेक्षा सरस ठरतो, कारण तो रोज भटारखान्यातच असतो. फोडणी पडताना, रस्सा वाटीत ओतताना, तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकताना जे दिसते ते घरच्या माणसाला कोणतीही आखणी न करता टिपता येते. त्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात, आणि त्यांतल्या बहुतेक प्रकाशाशी निगडित आहेत. आपल्याकडील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइटचा आणि स्वस्त एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. साध्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण रस्सा ओतण्याचे संथगतीचे दृश्य सेकंदाला 120 चौकटींनी (फ्रेम्सनी) घेतले की प्रत्येक चौकटीत वेगळा उजेड उतरतो आणि सारे चित्र लपलपते. संथगतीची दृश्ये खिडकीच्या उजेडात घेतल्यास ही अडचण येतच नाही. दुपारची पंगत उठल्यावर आणि संध्याकाळची वर्दळ सुरू होण्याआधी जो मोकळा वेळ मिळतो, तो म्हणूनच चित्रीकरणाला सर्वांत सोयीचा ठरतो. खिडकी ताटाच्या बाजूला किंवा मागे असावी. मागून येणारा उजेड आणि पलीकडे गडद पार्श्वभूमी असली तरच वाफ दिसते. समोरून दिवा मारला की ती नाहीशी होते आणि मटण सपाट भासते.

दुसरी अडचण स्टीलच्या ताटाची. त्यात छतावरचा दिवा, पंखा आणि चित्रण करणारी व्यक्ती असे सगळेच उमटते, म्हणून खिडकीवर पातळ पांढरे कापड ताणून उजेड मऊ करून घ्यावा लागतो. पांढरा आणि तांबडा रस्सा एकाच चौकटीत असले की मोबाइल स्वतःहून उजेडाचे माप बदलत राहतो. पडद्यावर बोट दाबून धरून ते माप आणि फोकस पक्के केल्यास पांढऱ्याचा पोत टिकतो. ताटाच्या अगदी जवळ न जाता थोडे मागे उभे राहून दोनपट झूमची लेन्स वापरावी, नाहीतर पुढची वाटी अवास्तव मोठी दिसते. वाफ आणि तेलकटपणा लेन्सवर बसून चित्र धुरकट होते, तेव्हा दर दृश्यापूर्वी ती पुसणे हेही कामच समजावे.

स्टुडिओचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. प्रकाशाची साधने, आवाज स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय, रंगांचा मेळ आणि मुख्यतः संकलन, म्हणजे तासभराच्या चित्रणातून नेमके तीस सेकंद निवडण्याची नजर, या गोष्टी घरच्या घरी सहज साधत नाहीत. फोडणीचा चुरचुराट, भाकरी थापण्याचा ठेका आणि पाट्यावर वाटण वाटले जाण्याचा आवाज खाण्याच्या जाहिरातीत चित्राइतकेच काम करतात. भटारखान्यात एक्झॉस्ट पंखा चालू असताना मोबाइलच्या माइकवर मात्र त्याची घरघरच प्रामुख्याने येते.

स्टुडिओ निवडताना एक बाब काळजीपूर्वक पाहावी. आपल्या लहान शहरांतील अनेक स्टुडिओंचा मुख्य व्यवसाय लग्नसमारंभांचे चित्रण हा असतो. माणसे, गर्दी आणि दागिने टिपण्यात त्यांचा हात बसलेला असतो. पदार्थ टिपणे ही वेगळी विद्या आहे. त्यामुळे त्यांनी केलेला लग्नाचा व्हिडिओ पाहून निर्णय न घेता खाद्यपदार्थांचे जुने काम मागावे, आणि ते नसेल तर एकाच वाटीचे नमुनादाखल चित्रण करून दाखवायला सांगावे. हा तासाभराचा प्रयोग पुढचा बराच खर्च वाचवतो.

मोठ्या शहरांतील जाहिरातसंस्थांकडे अन्न सजवणारे फूड स्टायलिस्ट आणि सेकंदाला सुमारे हजार चौकटी घेणारे कॅमेरे असतात, परंतु एका उपाहारगृहासाठी तो खर्च क्वचितच योग्य ठरतो. शिवाय सजावट कुठे थांबवायची हा प्रश्न तिथे अधिक टोकदार होतो. रश्श्यात मटणाच्या फोडी बुडतात आणि वाटीत नुसते पाणी असल्यासारखे दिसते, ही अडचण सूप विकणाऱ्यांनाही येत असे. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत भाज्यांचे तुकडे वर दिसावेत म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्याचे उघड झाले आणि 1970 मध्ये फसव्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने त्याला प्रतिबंध करणारा आदेश काढला. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची बाब बाजूला ठेवली, तरी उपाहारगृहाला खोटे दाखवणे परवडत नाही: जाहिरात पाहून आलेला माणूस तीच वाटी अर्ध्या तासात समोर पाहतो. जितक्या फोडी रोज वाढल्या जातात तितक्याच दाखवाव्यात, आणि वाटी उथळ घ्यावी. फोडी आपोआप वर दिसतात.

फूड ब्लॉगर आपल्यासोबत स्वतःचा प्रेक्षकवर्ग आणतो, आणि ही गोष्ट इतर दोघांकडे नाही. नव्याने उघडलेल्या, कोणालाच ठाऊक नसलेल्या जागेसाठी ते मोलाचे आहे. पण त्याचे अनुयायी आपल्या परिसरातले आहेत का, हे आधी तपासावे. पुण्या-मुंबईतील लाखो प्रेक्षकांपेक्षा कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगलीतील काही हजार प्रेक्षक अशा खानावळीला अधिक उपयोगी पडतील. नियंत्रणाच्या बाबतीत हा पर्याय सर्वांत दुबळा आहे, कारण चित्रण, बोलणे आणि संकलन हे सगळे त्याच्या शैलीने होते, आणि बऱ्याचदा ताटापेक्षा त्याचा चेहराच अधिक काळ दिसतो. पैसे किंवा फुकट जेवण देऊन केलेला व्हिडिओ ही जाहिरात असल्याचे त्यात स्पष्ट सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये आणि ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये तशा मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. ते नको म्हणणाऱ्या ब्लॉगरला बोलावूच नये.

हक्कांच्या बाबतीतही फरक पडतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. तरीही स्टुडिओकडून न कापलेले मूळ चित्रणही मिळेल, असे लेखी घ्यावे, म्हणजे पुढच्या हंगामात त्यातून नवा तुकडा काढता येतो. ब्लॉगरच्या व्हिडिओबाबत तो आपल्या पानावर आणि सशुल्क जाहिरातीत वापरण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. चित्रपटातले लोकप्रिय गाणे मात्र तिन्ही पर्यायांत टाळावे: इन्स्टाग्रामवर मित्रांसाठी टाकलेल्या रीलला जे चालते ते व्यवसायाच्या जाहिरातीला चालत नाही. हलगी वाजवणाऱ्या स्थानिक कलावंताला मानधन आणि श्रेय देऊन अर्ध्या मिनिटाचा ठेका ध्वनिमुद्रित करून घेतला, तर तो कोल्हापुरी थाळीला अधिक शोभेल.

माझा कौल असा आहे: ज्यांचे गिऱ्हाईक आधीपासून बांधलेले आहे त्यांनी आठवड्याचे छोटे तुकडे मोबाइलवरच करावेत आणि एकच नीट आखलेला, वर्षभर वापरता येईल असा जाहिरातपट स्टुडिओकडून करून घ्यावा. नव्या जागेने पहिल्या काही आठवड्यांनंतर, म्हणजे भटारखान्याचा हात बसल्यावर, ब्लॉगरला बोलावावे. उद्घाटनाच्या गडबडीत जेवणाची चव आणि वाढप्यांची लय दोन्ही कच्ची असतात.

जाहिरातपट चित्रपटगृहातही दाखवायचा असेल तर मात्र स्टुडिओखेरीज पर्याय नाही. मोबाइलसाठीची रील उभी, 9:16 प्रमाणात असते आणि मोठ्या पडद्यासाठी आडवी चौकट लागते. एकातून दुसरी कापली की थाळीच्या दोन्ही कडा जातात, म्हणून दोन्ही चौकटींचे चित्रण पहिल्या दिवशीच स्वतंत्रपणे करून घ्यावे. शिवाय चित्रपटगृहातील जाहिरातीला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. दिवाळीच्या सुट्टीत ती दाखवायची असेल, तर त्या प्रक्रियेचा वेळ धरून चित्रीकरण पावसाळ्यातच उरकावे लागेल, आणि ढगाळ दिवसांतला खिडकीचा मऊ उजेड रश्श्याला चांगलाच मानवतो.