सॉफ्टीचं मशीन घेताय? रोज धुवायचं की रात्री स्वतः तापणारं?

सॉफ्टीचं मशीन घ्यायला निघालेला माणूस विक्रेत्याला आधी विचारतो, तासाला किती कोन निघतात? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी स्वतःला विचारा, रात्री शटर ओढल्यावर हे मशीन खोलून कोण धुणार? बाजारात दोन तऱ्हेची मशीनं आहेत आणि त्यांच्यातली निवड या एका उत्तरावर ठरते.

डीप फ्रीझरमधलं आइस्क्रीम उणे १८ अंशांवर घट्ट असतं. सॉफ्टी तोटीतून उतरते ती उणे ६ च्या आसपास, आणि तिचं मिक्स वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या टाकीत, पातळच, तासन् तास पडून असतं. ते ५ अंशांच्या आत राहायला हवं. पण नुसत्या थंडीवर भिस्त ठेवून चालत नाही. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही सावकाश वाढतो आणि गोठवल्याने मरत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात एका बर्गरच्या दुकानातले मिल्कशेक पिऊन सहा जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, त्यातले तिघे दगावले. जिवाणू सापडला तो नीट न धुतलेल्या आइस्क्रीम मशीनमध्ये.

साधं मशीन स्वस्त पडतं, बनावटही सोपी, त्यामुळे दुरुस्तीला माणूस गावात मिळतो. बदल्यात ते रोज रात्रीचा वेळ मागतं. उरलेलं मिक्स काढायचं, पाणी फिरवायचं, पुढचं झाकण उघडून बीटर (आत फिरून मिक्स ढवळणारा भाग) आणि स्क्रेपरच्या, म्हणजे भिंतीवरचं मिक्स खरवडणाऱ्या, पट्ट्या बाहेर काढायच्या, ब्रशने घासायच्या, निर्जंतुक द्रावणातून काढून निथळायला ठेवायच्या. खरी मेख तोटीच्या दांड्यावरच्या रबरी रिंगांत असते. वरून दांडा लख्ख दिसतो, पण रिंग नखाने उचलून पाहा. खालच्या खाचेत दुधाचा पांढरट, बुळबुळीत थर असतो. रिंग न काढता वरवर विसळलेलं मशीन धुतलेलं धरूच नका. आणि रात्री काढलेलं मिक्स सकाळी परत ओतायचं नाही, ते फेकायचं. हा तोटा रोजचा आहे, तो कोनच्या किमतीत आधीच धरा.

तापणारं मशीन, म्हणजे सेल्फ-पाश्चराइझिंग, रात्री मिक्स स्वतःच साधारण ६६ अंशांपर्यंत तापवतं, अर्धा तास तिथेच धरतं आणि पुन्हा ५ अंशांखाली आणतं. सगळ्याला चारेक तास लागतात. अशा अनेक मशीनना पूर्ण खोलून धुणं १४ दिवसांनी एकदा पुरतं. मिक्स वाचतं, माणसाचे तास वाचतात. पण मध्येच वीज गेली की चक्र अर्धवट राहतं आणि सकाळी मशीन कुलूप लावल्यासारखं अडून बसतं. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सची मशीनं ‘बंद आहेत’ म्हणून बदनाम झाली, त्यामागे हेच चक्र हे एक मोठं कारण होतं. तिथे दुकानदारांना दुरुस्तीसाठी मशीनच्या सॉफ्टवेअरवरचं कंपनीचं डिजिटल कुलूप उघडण्याची कायदेशीर मुभा मिळायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. तेव्हा जनरेटर नसेल आणि कंपनीचा माणूस दोन दिवसांनी येणार असेल, तर हे मशीन घेऊ नका.

शिवाय ते तापतं म्हणून सगळं माफ होत नाही. अस्वच्छ हातांतून आलेल्या स्टॅफिलोकोकसने मिक्समध्ये विष तयार केलं असेल तर ते या उष्णतेने जात नाही. तोटीचं तोंड आणि ठिबक-ट्रे दोन्ही प्रकारांत रोज हातानेच धुवावे लागतात.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. हॉपर मिक्स थंड राखतो, गरम मिक्स थंड करणं हे त्याचं काम नाही. म्हणून शेजारी फ्रीज हवाच. पावडरचं मिक्स वापरणार असाल तर पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि मिक्स फ्रीजमध्ये पुरतं थंड झाल्यावरच ओता. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कंडेन्सरला (मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) मोकळी हवा मिळाली नाही, तर भर गर्दीत सॉफ्टी पातळ पडू लागते. तेव्हा विक्री थांबवून मशीनला काही मिनिटं द्यावीत. लोडशेडिंगनंतर मिक्स ५ अंशांच्या वर किती वेळ होतं हे सांगता येत नसेल, तर ते ओतून द्या.

माझं मत सांगायचं तर मालक स्वतः गल्ल्यावर बसत असेल आणि एकच फ्लेवर विकायचा असेल, तर साधं मशीन घ्यावं. महाबळेश्वर-लोणावळ्यासारखी गर्दी, पाळीने बदलणारी पोरं आणि भरवशाची वीज असेल, तर तापणारं. जत्रेतल्या स्टॉलला दोन्ही नकोत. तिथे डीप फ्रीझरमधले बंद कप बरे.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर मशीन पूर्ण खोलून परत जोडायला लावा आणि घड्याळ पाहा. जो माणूस रोज धुणार आहे, त्यालाही सोबत न्या. रबरी रिंगा आणि स्क्रेपरच्या पट्ट्यांचा एक जादा संच बिलातच लिहून घ्या.