१७९५ सालचा पळस, तोही फुकट : बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीबद्दल

आधी मुद्द्याचं सांगते. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ही वेबसाइट पूर्ण फुकट आहे, अकाउंट काढावं लागत नाही, आणि आपल्या यवतमाळ-चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडांची मी आजवर पाहिलेली सगळ्यात सुंदर चित्रं तिथं आहेत. शाळेसाठी, वाचनालयासाठी नाहीतर घरच्या भिंतीसाठी काही शोधून राहिले असाल तर बाजारातले ते चकचकीत तक्ते घ्यायच्या आधी एकदा इथं जाऊन पहा.

ही साइट २००६ साली सुरू झाली. जगातल्या मोठमोठ्या म्युझियमच्या आणि बोटॅनिकल गार्डनच्या लायब्रऱ्यांनी आपली झाडं-प्राण्यांवरची जुनी पुस्तकं स्कॅन करून एका ठिकाणी टाकली, आता ६ कोटींच्या वर पानं आहेत. मी गावच्या वाचनालयाचं काम पाहते, आमच्याकडं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सोडली तर नवीन घ्यायला पैसा नसतो, म्हणून हे घबाड हाती लागलं तेव्हा मला किती आनंद झाला ते काय सांगू.

सगळ्यात आधी काय पाहायचं असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच, विल्यम रॉक्सबर्गचं 'प्लान्ट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल'. हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंध्रच्या किनाऱ्याकडं होता, पुढं १७९३ मधे कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचा प्रमुख झाला. त्यानं इथल्याच चित्रकारांना कामावर ठेवून झाडांची चित्रं काढून घेतली, ती लंडनला गेली आणि १७९५ ते १८२० या काळात ३ खंडात ३०० चित्रं छापून आली. आता पहिल्याच खंडात कोणती झाडं आहेत ते पहा : पळस, मोह, तेंदू, साग. म्हणजे आमच्या गावाबाहेर पडलं की जे दिसतं तेच! पुस्तक किनाऱ्याचं, पण मला तर ते आपल्या जंगलाचंच वाटतं.

पळसाचं चित्र शांतपणे मोठं करून पहा. केशरी फुलांचा घोस, बाजूला पान, आणि फुलाचे भाग सुटे करून वेगळे मांडलेले. पळसाला पाने तीनच हे आपण येताजाता म्हणतो, पण त्या तीन पानांचा देठ कसा जुळलेला असतो, मधलं पान बाजूच्या दोघांपेक्षा कसं वेगळ्या आकाराचं असतं हे मी खरं म्हणजे या चित्रातच नीट पाहिलं. आणि गंमत अशी की असा पळस झाडावर तुम्हाला एका वेळी दिसतच नाही, होळीच्या आसपास फुलतो तेव्हा झाड जवळपास ओकंबोकं असतं, पानं मागून येतात. मोबाइलनं कितीही भारी फोटो काढा, तो त्या एका दिवसाचा फोटो होतो. चित्रकार मात्र वर्षभराचं झाड एका कागदावर आणतो, जे महत्त्वाचं ते ठळक करतो आणि बाकीचं सोडून देतो. म्हणून आजही नवीन वनस्पती सापडली की बऱ्याचदा फोटोसोबत रेखाचित्रही काढतात.

अजून एक गोष्ट. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईनं छापायचे आणि मग प्रत्येक प्रतीत रंग हातानं भरायचे. म्हणून एका प्रतीतला केशरी दुसऱ्या प्रतीतल्या केशरीशी तंतोतंत जुळेलच असं नाही. पण मूळ चित्रं ज्यांनी काढली त्या बहुतेक देशी कलाकारांची नावं कुठं लिहिलेलीच नाहीत, पुस्तकावर नाव रॉक्सबर्गचं. याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही वाचनालयात चित्र लावलं तेव्हा खाली 'चित्रकार : भारतीय, नाव नोंदलेलं नाही' अशी पट्टी मुद्दाम लावली.

तेंदूचं चित्र लावलं त्या दिवशी उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाणाऱ्या एक आजी आल्या होत्या. चष्मा नाही, पार भिंतीला नाक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पान बरोबर काढलं वं माय, पण हे जून पान हाय, बिडीले नाही चालत." तिथं बसलेले पोट्टे चित्राजवळ गोळा झाले आणि मग आजीनं कवळं पान कसं ओळखायचं, गठ्ठा कसा बांधायचा हे सगळं समजावून सांगितलं. बाजारच्या तक्त्यासमोर असं कधी झालं नव्हतं.

शोधायची एक युक्ती सांगते. मराठी नाव टाकून काही येणार नाही, लॅटिन नाव लागतं, आणि जुन्या पुस्तकात जुनं नाव असतं. पळसाला आज ब्युटिया मोनोस्पर्मा म्हणतात, रॉक्सबर्गकडं तो ब्युटिया फ्रोंडोसा आहे. मोहासाठी बॅसिया लॅटिफोलिया टाका. तेंदूचं डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन हे नाव मात्र रॉक्सबर्गनंच दिलं आणि ते आजही तसंच चालू आहे. नाव टाकलं की ते ज्या ज्या पुस्तकात आलं ती पानं समोर येतात. नावाचं स्पेलिंग आधी कृषीवाल्या पोरांकडून तपासून घ्या.

झाडं झाली, आता किडे. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार बाई १६९९ मधे, वयाच्या ५२ व्या वर्षी, पोरीला सोबत घेऊन जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, फक्त किडे पाहायला! १७०५ मधे तिचं पुस्तक आलं. तिनं काय केलं, तर अळी, कोष आणि पतंग हे तिन्ही एकाच चित्रात आणि तेही ती अळी जे झाड खाते त्याच झाडावर काढले. जांबाच्या (पेरूच्या) फांदीवर मोठा कोळी एवढ्याशा पक्ष्याला खाऊन राहिला असंही एक चित्र आहे, पुढं लोकांनी त्यावरून तिला खोटं ठरवलं, पण कोळी पक्षी खाताना नंतर खरंच पाहिला गेला.

हे मी एवढं का सांगते, तर आपल्याकडं कापसावरची गुलाबी बोंडअळी पोराबाळांना माहीत आहे, पण तिचा तो बारका मातकट पतंग कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) अडकलेला दाखवला तर कोणी ओळखत नाही. मेरियनची चित्रं पाहून आमच्या पोट्ट्यांनी वावरातून पऱ्हाटीची किडकी बोंडं आणली, फोडली, आणि डोमकळी (अळीमुळं नीट न उमललेलं फूल), बोंडातली अळी, एकमेकीला चिकटलेल्या दोन सरक्या, कोष, पतंग असं सगळं एका कार्डशीटवर काढलं. रेषा वाकड्यातिकड्या आहेत पण एकही गोष्ट चुकलेली नाही. ते कार्डशीट मेरियनच्या शेजारी लावलंय.

'हॉर्टस मलाबारिकस' पण पहाच. १६७८ ते १६९३ मधे १२ खंडात निघालेलं केरळच्या वनस्पतींचं पुस्तक, इट्टी अच्युतन या वैद्याच्या ज्ञानावर उभं राहिलेलं, आणि पहिल्या खंडात कोकणी पंडितांचं नागरी लिपीतलं पत्र छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या छापील पुस्तकात आपली अक्षरं पाहून अंगावर काटा येतो. हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाची सजीवांची १०० चित्रं (१८९९ ते १९०४), त्यातले बरेच समुद्रातले, लोकांना फार आवडतात, दिसतात पण देखणी, मला मात्र ती जास्तच नीटनेटकी वाटतात, रांगोळी काढल्यासारखी. ज्यांना सॅटेलाइट इमेज आवडतात त्यांनी नासाच्या साइटवर जून २०२० चं गुलाबी झालेलं लोणार सरोवर पहावं, तेही फुकटच.

मार्क द्यायचे तर चित्रांना ५ पैकी ५. मराठीतून शोधता आलं असतं तर गावोगावच्या शाळांत हे कधीच पोचलं असतं, म्हणून साइटचा तेवढा अर्धा मार्क कापते.

छापायचं असेल तर फ्लेक्स बिलकुल नको, मॅट कागदावर ए-३ घ्या. तालुक्याला आम्ही जिथं छापलं तिथल्या भाऊनं न विचारता जुन्या कागदाचा पिवळेपणा घालवून पांढरं फेक करून टाकलं आणि पळस गेला लालभडक, परत छापून घ्यावं लागलं. तेव्हा 'रंगाला हात लावू नका जी' असं आधीच सांगा. फाइल मोठी असते, डाउनलोड रात्री लावा, आणि दुकानात पेनड्राइव्हनं न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दबतो आणि पानाच्या बारीक शिरा सगळ्या पुसल्या जातात.