थेट एटीआर की मध्ये विमान बदलून? दोन छोट्या विमानतळांमधल्या वेळेचा हिशेब

दोन छोट्या विमानतळांमधलं हवाई अंतर इंटरनेटवर लगेच मिळतं. समजा, ते ५०० किलोमीटर आहे. त्याखाली 'उड्डाणाची वेळ' असते, ती बहुधा ताशी ८०० किलोमीटर वेग धरून काढलेली. तिच्या भरवशावर बेत आखू नका. हा वेग जेटचा आहे, आणि अशा दोन गावांमध्ये थेट विमान असलंच तर ते बऱ्याचदा एटीआर ७२ सारखं पंख्याचं असतं. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. शिवाय हे अंतर नकाशावर सरळ मोजलेलं असतं, विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गाने आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेऊन जातं.

म्हणून एटीआर टाळावं असं मुळीच नाही. कमी अंतरात जेटचा बराचसा वेळ वर चढण्यात आणि खाली येण्यात जातो, पूर्ण वेगाने उडायला त्याला जेमतेम सवड मिळते. ५०० किलोमीटरला दोघांत फार तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो. ९०० किलोमीटरला तो पाऊण तासाच्या घरात जातो, तेव्हा कुठे जाणवायला लागतो.

खरी निवड असते ती थेट एटीआर आणि मोठ्या विमानतळावर विमान बदलणं, यांत. थेट गेलात तर ५०० किलोमीटरला जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत सव्वा ते दीड तास. बदलून गेलात तर तासा-सव्वा तासाची दोन उड्डाणं आणि मध्ये दीड-दोन तास बसून राहणं, म्हणजे चार तास सहज. त्यात मोठा विमानतळ वाटेत असेलच असं नाही. तो आडबाजूला असला की ५०० चे ८०० किलोमीटर होतात.

वेळेत थेट विमान निर्विवाद सरस. तरी माझा कौल मी आठवड्याचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय देणार नाही. थेट विमान आठवड्यातून तीनच दिवस असेल आणि नेमकं तुमचं रद्द झालं, तर पुढच्यासाठी दोन दिवस थांबावं लागू शकतं. मोठ्या विमानतळावरून सहसा दुसरा काही मार्ग निघतो. लग्नकार्य, परीक्षा, शस्त्रक्रिया अशी न चुकणारी तारीख असेल, तर चार तास लागले तरी चालतील, पण एक दिवस आधी निघा.

धुक्याचा धोका मात्र दोन्हीकडे सारखाच, कारण शेवटी उतरायचं त्याच छोट्या धावपट्टीवर. तिथे उपकरणांच्या आधाराने उतरण्याची पुरेशी सोय नसेल, तर दृश्यमानता थोडी कमी झाली तरी विमान दुसरीकडे वळवतात. हिवाळ्यात पहाटेच्या विमानापेक्षा दुपारचं बरं.

बदलूनच जायचं ठरलं, तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढे पोचवायची जबाबदारी सहसा कंपनीची राहते, आणि बॅगही बऱ्याचदा थेट शेवटच्या विमानतळावर जाते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण दुसरं चुकलं की नवं तिकीट स्वतःच्या खिशातून.

एटीआर घेतलं तर एक ध्यानात ठेवा: प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं. लवकर बाहेर पडायचं असेल तर पुढची नव्हे, मागची सीट घ्या. डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे चाकांची बॅग बऱ्याचदा दारातच काढून घेऊन सामानाच्या कप्प्यात टाकतात. औषधं आणि कागदपत्रं आधीच खांद्यावरच्या पिशवीत काढून ठेवा.