ब्यूट की बिंगहॅम? तांबं काढायच्या दोन तऱ्हा

विजेच्या तारांमुळे तांब्याची भूक वाढली, तेव्हा अमेरिकेत दोन वाटा निघाल्या. मोंटानातल्या ब्यूटमध्ये मार्कस डेली या खाणमालकाला १८८२च्या सुमारास तांब्याच्या समृद्ध शिरा लागल्या आणि त्यांच्या मागोमाग माणसं खोल जमिनीखाली उतरत गेली. खनिज कसदार, पण जोखीम भयानक: १९१७ साली स्पेक्युलेटर खाणीच्या आगीत १६८ कामगार गेले.

युटातल्या बिंगहॅमच्या खनिजात तांबं जेमतेम दोन टक्के. डॅनियल जॅकलिंग या खाण अभियंत्याने १९०६पासून वाफेच्या यंत्रांनी तिथला डोंगरच उपसायला घेतला. टाकाऊ दगडाचे ढिगारे वाढले. पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर उपसल्याने कमी कसाचं खनिजही परवडलं, आणि निव्वळ पैशाच्या हिशेबात (माणुसकीचा हिशेब वेगळा) जॅकलिंगच जिंकला. १९५५मध्ये ब्यूटलाही उघडी खाण सुरू झाली, बर्कली पिट. तिने आजूबाजूच्या जुन्या वस्त्या गिळल्या.