टिसची वस्तीसेवा: कुठे जावं, काय मागावं, कशाची आशा धरू नये

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबद्दल, म्हणजे टिसबद्दल, जे लिहिलं जातं ते बहुतेक आत शिरू पाहणाऱ्यांसाठी असतं. प्रवेश कसा मिळतो, फी किती, होस्टेल कसं, पुढे नोकरी कुठे. देवनार बस डेपोसमोरच्या त्या फाटकापासून रिक्षाच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला संस्थेचा काय उपयोग, ते कोणी सांगत नाही. हे परीक्षण त्याच्यासाठी आहे, आणि गोवंडी-मानखुर्दमध्ये काम करणाऱ्या छोट्या संस्थांसाठी.

अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं ते नागपाड्याला, क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेबरहुड हाउसमध्ये. आधी वस्तीकाम होतं, वर्ग नंतर आले. १९५४ मध्ये संस्था देवनारला आली. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा वॉर्ड, सगळ्यात तळाचा निघाला, शून्य ते एकच्या मोजपट्टीवर निर्देशांक ०.०५, संस्था तेव्हा त्याच वॉर्डात पन्नास वर्षांहून जास्त काळ बसलेली होती. २०११ मध्ये, पंच्याहत्तरीच्या निमित्ताने, तिने अख्ख्या वॉर्डासाठी प्रकल्प हाती घेतला. माहिती चांगली गोळा झाली. पण नळ, संडास आणि शाळा महापालिकेच्या हातात, तिथे कुठल्याही विद्यापीठाचं वजन बेताचंच पडतं.

समाजकार्याचं विद्यालय वस्तीच्या किती कामाचं, हे जोखायला एक साधी कसोटी पुरते. मे महिन्यात गेलात तर दार उघडं असतं का, आणि खुर्चीवरच्या माणसाला तुमची केस माहीत असते का? टिसची सेवा इथे सरळ दोन भागांत पडते. एक, पगारी कार्यकर्त्यांनी बारा महिने चालवलेले फील्ड ॲक्शन प्रोजेक्ट. दोन, फील्डवर्कला येणारे विद्यार्थी. दोन्हींवर नाव एकच असलं तरी भरवसा सारखा ठेवू नये.

पहिल्या भागात सर्वांत वरचा नंबर महिला व मुलांसाठीच्या स्पेशल सेलचा. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात एक टेबल टाकून तो सुरू झाला. पुढे राज्य सरकारने तो स्वीकारला आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांच्या आवारात असे सेल आहेत. कल्पना अगदी व्यवहारी आहे: मार खाल्लेली बाई शेवटी पोलीस ठाण्यात येतेच, मग प्रशिक्षित समाजकार्यकर्तीच तिथे का बसू नये? पैसे लागत नाहीत. बाई आपणहून आली तरी चालतं, पोलिसांनी पाठवली तरी चालतं.

पहिल्या भेटीत तिचं म्हणणं सलग ऐकून घेतात, तेव्हा घाईने जाऊ नये. नंतर तिला हवं असेल तर समोरच्याला बोलावणं जातं, आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलणं होतं. यात सेलची भूमिका ठाम असते, हिंसा थांबणं ही पहिली अट, नांदायचं की नाही हा पुढचा प्रश्न. आठ नातेवाईक घेऊन 'तोड' काढायला येणाऱ्यांचा इथे विरस होतो, आणि तो झालेलाच बरा. समझोता झालाच तर तो लेखी घ्यावा, प्रत आपल्याकडे ठेवावी आणि मोडला त्या दिवसाची तारीख त्यावरच टिपावी. पुढे कोर्टात ती कामाला येते.

स्त्रीधन परत मिळवण्यात सेलचा हात धरणारं दुसरं कोणी नाही, मात्र तयारी आपली हवी. यादी दोन प्रतींत करा. दागिन्यापुढे अंदाजे वजन आणि कोणी घातला ते लिहा, माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं. पावत्या क्वचितच सापडतात, म्हणून लग्नाच्या अल्बममधले दागिने स्पष्ट दिसणारे फोटो काढून ठेवा. भांडी, कपाट, शिलाई मशीन यादीत राहून जातं आणि नंतर भांडण नेमकं त्याच्यावरून होतं. मुलांची शाळेची कागदपत्रं आणि स्वतःचं आधार कार्डही त्याच फेरीत मागून घ्यावं.

घोळ होतो तो ठाण्याच्या काउंटरवर. 'आधी सेलमध्ये जा, मग तक्रारीचं बघू' असं ऐकायला मिळतं. सेलमध्ये जाणं ही तक्रार देण्याआधीची अट नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. अंगावर जखम असेल तर आधी सरकारी रुग्णालयात जाऊन नोंद करून घ्या, कारण वळ आठवडाभरात जातात आणि कागद राहतो. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम २००५ च्या कलम १२ खाली अर्ज केला तर पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. कोर्टातल्या गर्दीने हे आकडे कधीच मागे टाकलेत. सेलची कार्यकर्ती हे आधीच सांगते, तारीख गोड करून सांगत नाही. सेलला पाचपैकी साडेचार गुण.

घरातलं माणूस तुरुंगात असेल तर १९९० पासून चाललेला 'प्रयास'. कैद्याची गाठ घालून देणं, वकील, जामीन, सुटल्यावर काम, असा त्यांचा आवाका. जाताना कोर्टाचं नाव, केस नंबर, कलमं आणि अटकेची तारीख एका कागदावर न्या; 'चोरीची केस आहे' एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, कारण जामीनदार सापडत नाही किंवा त्याचे कागद भाड्याच्या खोलीमुळे नाकारले जातात. अशा वेळी रोख जामिनासाठी अर्ज करता येतो का, ते विचारा. गरीब कैद्यांसाठी केंद्राच्या २०२३ च्या योजनेत कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशांच्या मदतीची सोय आहे, तीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत तपासून घ्यावी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बेघर आणि भीक मागताना पकडलेल्यांसाठी २००६ पासून 'कोशिश' आहे; बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला अत्याचार बाहेर आला तो त्यांच्याच पाहणीतून. मन मोकळं करायला प्रशिक्षित समुपदेशक फोनवर हवा असेल तर 'आयकॉल'. मुलांसाठीची १०९८ ची चाइल्डलाइन १९९६ मध्ये टिसमध्येच जन्मली, पण २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे गेली आहे, तेव्हा तिच्या तक्रारी देवनारला नेऊन उपयोग नाही.

आता विद्यार्थी. इथे गुण कमी पडतात आणि त्यात मुलांचा दोष फारसा नाही. समाजकार्याचा विद्यार्थी आठवड्याला साधारण दोन दिवस येतो. पावसाळ्यात ओळखीपाळखी, मध्ये दिवाळी, मग परीक्षा, मार्चला निरोप. गोळाबेरीज केली तर खरे कामाचे दिवस चाळीसेक निघतात. तेवढ्यात काय बसतं हे त्याला कामाला घेणाऱ्या वस्तीतल्या संस्थेने आधी ठरवलं नाही तर मुलगा सेल्फी, चित्रकला स्पर्धा आणि महिला दिनाचा कार्यक्रम करून जातो.

एका गल्लीतल्या विधवा-परित्यक्तांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज हे काम मात्र नेमकं बसतं. अडतं कुठे ते ठरलेलं आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाला २१,००० रुपयांच्या वरचा आकडा पडला की अर्ज बाद, आणि महिना अठराशेही न मिळवणारं घर मुंबईत कसं जगतं हा प्रश्न तहसील कार्यालयात विचारायचा नसतो. दुसरी अडचण १५ वर्षांच्या रहिवासाची. झोपडी हलली, पावसात कागद गेले, नावाचं स्पेलिंग रेशन कार्डावर एक आणि आधारवर दुसरं. विद्यार्थ्याने पहिले दोन आठवडे नुसते कागद जुळवण्यात घालवले तर बाकीचं चालतं. अर्ज आधी भरून मग कागद शोधायला निघणाऱ्याची फाईल हमखास परत येते.

याउलट जन्माचा दाखला. नोंद वर्षाच्या आत झालेली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि ती फाईल एका शैक्षणिक वर्षात सुटेल याची खात्री नाही. ही कामं विद्यार्थ्याकडे देऊच नयेत. दिलीच, तर फेब्रुवारीतच प्रत्येक केसचं एक पान मागून घ्या: अर्ज क्रमांक, तारीख, कागद कोणत्या टेबलावर आहे, पुढचं पाऊल काय, मूळ कागद कोणाकडे. विद्यार्थी फील्डवर्कची नोंद करतो त्या रेकॉर्डिंगच्या वहीत हे सापडत नाही; ती सुपरवायझरसाठी लिहिलेली असते. त्या वहीत वस्तीतल्या लोकांची खरी नावं नकोत, हेही पहिल्याच दिवशी सांगावं.

भाषेची गोष्ट गंभीर आहे. टिसचा प्रवेश अखिल भारतीय. गोवंडीतल्या शिवाजी नगरच्या गल्लीत हिंदीवर भागतं, वॉर्ड ऑफिसचा फॉर्म मराठीत असतो, आणि केरळ-आसामहून आलेल्या हुशार मुलीला तो वाचता येत नाही. वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी जोडीला द्या आणि तिचा प्रवासखर्च कोण देणार ते आधी ठरवा. कामच कागदांचं असेल तर मुंबईतल्याच निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाकडे, पुण्यात असाल तर कर्वे समाज सेवा संस्थेकडे विद्यार्थी मागण्याचाही विचार करावा. मराठी वाचणारा हवा, असं पत्रातच लिहावं.

प्रोजेक्ट बारमाही असले तरी अमर नाहीत. बरेचसे बाहेरच्या निधीवर आणि कंत्राटी माणसांवर चालतात. जून २०२४ मध्ये निधीच्या प्रश्नावरून टिसने शंभराहून अधिक कंत्राटी लोकांना काम थांबवण्याची पत्रं दिली आणि काही दिवसांतच मागे घेतली. ज्यांना वस्ती नावाने ओळखते अशी माणसं एका पत्रावर जाऊ शकतात, हे धरूनच चालावं. आपल्या केसची प्रत आपल्याकडे हवी.

राहता राहिले सर्व्हे. या पट्ट्यातल्या बायकांना 'घरात किती माणसं, पाणी कुठून' ही उत्तरं तोंडपाठ झालीत. वस्तीत शिरकाव करून देणाऱ्या मंडळाने आधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: किती घरं, निष्कर्ष कोणत्या महिन्यात परत येणार, आणि ते मराठी, हिंदी व उर्दूत दोन पानांत कोण वाचून दाखवणार. मागच्या बॅचचे निष्कर्ष मिळाले नसतील तर नव्या बॅचला गल्ली देऊ नये. आणि दिली तर पाणी येण्याची वेळ सोडून. हंडे भरून होईपर्यंत तिथे कोणी उत्तर देत नाही, आणि दिलंच तर ते विचारणाऱ्याला घालवण्यापुरतं असतं.